रांजण, वही, काच: पाच शाळांतल्या बालचित्रपटांच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

मांजरा आणि तेरणा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पाच जिल्हा परिषद शाळा. इयत्ता तिसरी ते सातवी. 'आनंददायी शनिवार'च्या तासांत महिन्यातून दोन खेळ, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट अर्ध्यावर येतो, म्हणून चांगले चित्रपट शेवटासाठी राखून ठेवायचे नाहीत.

निवडीचे निकष तीन. संवाद कमी असावेत. पोराच्या हातात किंवा डोक्यात एकच ठोस वस्तू असावी: वही, बूट, काच, भाकरी. आणि शेवटी कुणी मोठ्या माणसानं भाषण ठोकू नये. टीव्हीवर वारंवार लागणारे चित्रपट यादीत नाहीत. ते पोरांनी पाहिलेलेच असतात.

हे निकष लावले की यादी आपोआप इराणकडे झुकते. तिथं १९६५ साली मुलांसाठी 'कानून' नावाची संस्था निघाली. आधी वाचनालयं, मग चित्रपट विभाग. अब्बास कियारोस्तामी यांची सुरुवात तिथलीच. मुलांचा चित्रपट म्हणजे परी, जादू आणि गाणी हा समज त्या संस्थेच्या कामानं मोडला. हरवलेली वही एवढीच गोष्ट, आणि पावणेदोनशे डोळे पडद्यावर खिळतात.

१९ जून

खोल्यांची पाहणी. चार शाळांत स्लॅबची खोली, साधारण २० फूट लांब. एका शाळेत पत्र्याची.

प्रोजेक्टर ३३०० ल्युमेन्सचा, दिव्याचा. त्याचं गणित सोपं आहे: चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर यंत्र. ८ फूट रुंद चित्रासाठी १६ फूट. उंची येते साडेचार फूट. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर हवी. त्याखाली गेली की पुढच्या पोराच्या डोक्याआड उपशीर्षकं जातात आणि मागची ओळ उभी राहते. एक उभा राहिला की सगळे उभे.

पडद्यासाठी पांढरी चादर घेऊ नये. निम्मा उजेड आरपार जातो आणि पंख्याच्या वाऱ्यानं चित्र डुलतं. फ्लेक्सची चकचकीत बाजूही नको, मधोमध दिव्याचा पांढरा डाग पडतो. उत्तम म्हणजे भिंत. खडबडीतपणा घासून काढायचा, पुट्टी, वर मॅट पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात. भोवती चार इंची काळी पट्टी रंगवली की चित्र जास्त उजळ भासतं. सुविचार लिहिलेली भिंत यासाठी मागितली तर शाळेत कुरकुर होते, ती आधीच मिटवावी.

अंधारासाठी मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद. टरबूज-मिरचीवाल्यांकडे चंदेरी-काळा ३० मायक्रॉनचा रोल असतोच, शिल्लक तुकडे मिळतात. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. ऊन परत फिरतं आणि खोली कमी तापते. कडा चिकटपट्टीनं लावू नयेत, दुपारी उष्णतेनं सुटतात. लाकडी पट्टी आणि खिळे, किंवा गजाला सुतळी. वरची झरोक्याची खिडकी मात्र पूर्ण बंद करायची नाही. साठ पोरं बंद खोलीत बसली की अर्ध्या तासात हवा कोंदट होते आणि पेंग येते, मग दोष चित्रपटाला दिला जातो. झरोक्यापुढं दोन इंच अंतर सोडून पुठ्ठा तिरपा लावला की हवा येते, ऊन येत नाही.

२१ जून

पहिली चाचणी, दोन लघुपटांवर.

सत्यजित राय यांचा 'टू', १९६४. कृष्णधवल, पंधरा मिनिटांच्या आत, एकही संवाद नाही. बंगल्यातला मुलगा खिडकीत, झोपडीतला मुलगा खाली मोकळ्या जागेत. एकाकडं चावीची खेळणी, दुसऱ्याकडं बासरी, मुखवटा, पतंग. शब्द नसल्यामुळं भाषेची अडचण नाही. तिसरीपासून चालतो. छऱ्याच्या बंदुकीनं पतंग फाटतो तिथं खोलीत हमखास आरडाओरडा होतो. तो थांबवू नये. पण आवाजाची पातळी आधीच अशी ठेवावी की त्यानंतरची बासरी ऐकू येईल, कारण शेवट तिच्यावर आहे.

कियारोस्तामी यांचा 'पाव आणि गल्ली', १९७०. दहा-अकरा मिनिटं. पोरगा पाव घेऊन घरी निघालाय, गल्लीत कुत्रं आडवं. बस. शेतातल्या वाटेनं शाळेत येणाऱ्या पोरांना यात समजावून सांगावं असं काही उरत नाही. पहिल्या खेळासाठी यापेक्षा बरी निवड सापडलेली नाही.

२८ जून

आवाज. दोन तक्रारी वारंवार येतात.

एक, स्पीकरमधून 'घूं' असा सततचा आवाज. कारण जवळजवळ नेहमी अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावं. घूं गेलं तर दोष चार्जर-अर्थिंगचा. मग लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि स्पीकर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत, वेगवेगळ्या भिंतींतल्या सॉकेटवर नाही.

दोन, शब्द कळत नाहीत. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आवाज वाढवला की गोंधळ वाढतो. मागच्या भिंतीवर तीन-चार गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या घातल्या की शब्द सुटे होतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून चार फुटांवर, तोंड किंचित आत. स्पीकर मागं ठेवला तर लहान पोरं आवाजाच्या दिशेनं वळून वळून पाहतात.

व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, फक्त चित्र जातं. त्यामुळं साडेतीन एमएमची वेगळी वायर पेटीत हवीच.

५ जुलै

'लाल फुगा', आल्बेर लामोरिस, १९५६, ३४ मिनिटं. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, एक पोरगा आणि त्याच्या मागं मागं फिरणारा फुगा. मुख्य भूमिकेत दिग्दर्शकाचाच मुलगा. संवाद नावापुरते, तरीही मूळ पटकथेचं ऑस्कर याला मिळालेलं आहे.

हा रंगासाठी दाखवायचा चित्रपट. सगळं शहर राखाडी-निळं आणि त्यात एकच लाल. प्रोजेक्टर 'डायनॅमिक' किंवा 'ब्राइट'वर असेल तर लाल रंग केशरी दिसतो आणि सगळी मजा जाते. 'सिनेमा'वर ठेवावा. उजेड थोडा कमी होतो, म्हणून अंधार पक्का हवा.

जुने चित्रपट चौकोनी चौकटीचे, चारास तीन. यंत्र त्यांना ताणून रुंद करतं आणि माणसं बुटकी, फुगा लंबगोल. सेटिंगमध्ये 'फुल' नको, 'ऑटो' किंवा '४:३'. साडेचार फूट उंचीला सहा फूट रुंदी येते. बाजूला काळं दिसतं त्याबद्दल कुणीतरी विचारतंच, दिसू द्यावं.

९ जुलै

उपशीर्षकं. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून सविस्तर.

फारसी, मल्याळम, मंगोलियन चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकांची फाइल मिळते. ती साध्या मजकुराची असते: क्रमांक, वेळ, ओळ. त्यातली ओळ काढून मराठी घालायची. घोटाळे होतात ते असे:

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलं नाही तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. ही सर्वांत नेहमीची चूक.

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं तर तो बहुधा जुन्या फाँटमध्ये करून देतो. त्याच्या संगणकावर मराठी दिसते, पडद्यावर अगम्य चिन्हं येतात. युनिकोडमध्येच हवं, असं कागदावर लिहून द्यावं.

वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजीच राहायला हवेत. उत्साहाच्या भरात ते देवनागरी केले की ती ओळ पडद्यावर येतच नाही. सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो. तिथं पूर्णविराम पडला तर काही प्लेअर चालवतात, काही नाही.

ओळी सुरुवातीला जुळतात आणि पुढं पुढं मागं पडतात, हे फ्रेम-दराचं (सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचं) लक्षण. चित्रपट २५चा आणि फाइल २३.९७६ची असेल तर तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. तो व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून निघत नाही. ती सबंध फाइल एकसारखी पुढंमागं सरकवतात, एका वेळी ५० मिलिसेकंद. यासाठी 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम-दर बदलून घ्यावा लागतो.

व्हीएलसीत फाँट 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' निवडावा. ग्रामपंचायतीच्या निधीतून आलेल्या स्मार्ट टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून थेट चालवायचं असेल तर बरेच टीव्ही जोडाक्षरं फोडतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर टाकतात. त्यावर उपाय एकच: हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये उपशीर्षकं चित्रातच 'बर्न' करून घेणं. त्याच वेळी एच.२६४ या व्हिडिओ-प्रकारात रूपांतर करावं. एच.२६५ची फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालते. आणि एफएटी-३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, त्यामुळं आकार त्याच्या आत ठेवावा.

भाषांतराबद्दल. चौथीचं पोरगं चित्र पाहत पाहत वाचतं, त्यामुळं ओळीत चार-पाच शब्द, जास्तीत जास्त दोन ओळी, निदान चार सेकंद. मूळचं सगळं उतरवायचं नाही. 'हो', 'नाही', हाका, परत परत तेच बोलणं गाळावं. पुस्तकी मराठी तर नकोच. 'तू गृहपाठ पूर्ण केलास का?' याऐवजी 'अभ्यास झाला का रं?' हे अर्ध्या वेळेत वाचून होतं आणि आजीच्या तोंडी शोभतं.

१६ जुलै

तिसरीसाठी उपशीर्षकं निरुपयोगी. पर्याय म्हणजे समोर बसून वाचणं. एक बाईंचा आवाज, एक सरांचा. संहिता ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात, डाव्या समासात वेळ, उजवीकडं ओळ. वाचणाऱ्यांनी पडद्याच्या कडेला बसावं. विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधला की उजेड पडद्यावर पसरत नाही. मूळ आवाज निम्म्यावर आणावा, बंद करू नये. पावलं, दार, कोंबड्या ऐकू यायला हव्यात. अभिनय करून वाचलं की पोरं वाचणाऱ्याकडं पाहतात. सपाट वाचावं.

१९ जुलै

'मित्राचं घर कुठं आहे?', कियारोस्तामी, १९८७, ८३ मिनिटं. उत्तर इराणमधलं कोकेर गाव. अहमदच्या दप्तरात चुकून शेजारच्या मुलाची वही आली आहे. उद्या त्याच्याकडं वही नसेल तर गुरुजी त्याला शाळेतून काढणार. मित्र राहतो पलीकडच्या गावात, घर माहीत नाही, आणि घरातलं कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

पाचवी ते सातवी. सुरुवातीच्या वर्गातल्या प्रसंगात पोरं गप्प होतात. गुरुजींचा आवाज ओळखीचा असतो.

अडचण दुसऱ्या अर्ध्यात आहे. एक म्हातारा सुतार अहमदबरोबर वाट दाखवायला निघतो आणि अतिशय सावकाश चालतो, अंधार पडत जातो. मोठ्यांना हा भाग सुंदर वाटतो, पोरं चुळबुळतात. तो कापायचा मोह होतो. कापू नये, कारण चुळबुळ हीच त्या प्रसंगाची गोष्ट आहे. अहमदलाही घाई आहे. मध्यंतर मात्र अहमद दुसऱ्यांदा टेकडीकडं पळत सुटतो त्याच्या आधी घ्यावं, म्हणजे सुताराच्या वेळी पोरं ताजी असतात. अंधाराचे प्रसंग फार काळे आहेत. मल्चिंग पेपरला भोक असेल तर इथं काहीच दिसत नाही.

नंतरचं काम: बोध विचारायचा नाही. ए-थ्री कागद, खडू, दोघांत एक. अहमदच्या वाटेचा नकाशा काढा. टेकडीवरची नागमोडी वाट आणि वरचं एकटं झाड सगळ्यांच्या कागदावर येतं. जिना, गोठा, निळं दार कुणाला आठवतं त्यावरून कोण किती बारकाईनं पाहतं ते कळतं. सुट्टी होईपर्यंत वाद चालतात.

२ ऑगस्ट

पत्र्याच्या खोलीत पाऊस. सर जोराची असेल तर कुठलाही स्पीकर पुरत नाही. पावसाळ्यात त्या शाळेसाठी शब्दविरहित लघुपटांचा राखीव संच ठेवलेला बरा. आज 'अ चेअरी टेल': नॉर्मन मॅकलॅरन आणि क्लोद ज्युत्रा, १९५७, दहा मिनिटं. माणूस बसायला जातो, खुर्ची बसू देत नाही. संगीत रविशंकर यांचं, तबला चतुरलाल यांचा. पाऊस थांबल्यावर तेवढ्यासाठी पुन्हा लावावा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो.

१२ ऑगस्ट

परवानगीचा प्रश्न पालकसभेत निघाला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२: शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून दाखवलेला चित्रपट, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी थेट संबंधित मंडळी असतील तर हक्कभंग होत नाही. गावच्या पारावर, गणपतीच्या मांडवात किंवा तिकीट लावून दाखवायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. त्यामुळं 'गावासाठी पण ठेवा की' या आग्रहाला सरळ नकार द्यावा, नाहीतर त्या खेळापुरती परवानगी काढावी. भारतीय बालचित्र समिती १९५५ साली निघाली होती. २०२२ पासून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे. तिच्या जुन्या चित्रपटांसाठी पत्रव्यवहार आता तिकडं. त्या संग्रहातले श्याम बेनेगल यांचा 'चरणदास चोर' (१९७५, स्मिता पाटील यांचा पहिला चित्रपट) आणि संतोष सिवन यांचा 'हॅलो' (१९९६) हिंदीत असल्यानं उपशीर्षकांचा त्रास वाचतो.

१९ ऑगस्ट

वीज. दिव्याचा प्रोजेक्टर २८० वॉट, लॅपटॉप ५०, स्पीकर ४०. बेरीज ३७०. शाळेचा इन्व्हर्टर १२ व्होल्ट, १५० एएच. कागदावर १८०० वॉट-तास. जुनी बॅटरी निम्मीच धरावी, त्यातून इन्व्हर्टरची तूट वजा. दोन तासांच्या थोडं आत काम होतं. पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर दीड तासही नाही.

वीज अचानक गेली की प्रोजेक्टरचा पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून इन्व्हर्टर वीज गेल्यावर जोडायचा नाही, पहिल्यापासून मध्ये हवा. खेळ संपल्यावरही पंखा आपोआप थांबेपर्यंत वायर ओढू नये. पोरं सुटली की आवराआवरीच्या घाईत हेच होतं.

३० ऑगस्ट

'रांजण' (मूळ नाव 'खोमरे'), इब्राहिम फोरूझेश, १९९२. लोकार्नो महोत्सवात १९९४ साली सर्वोच्च पुरस्कार. हुशंग मोरादी केरमानी यांच्या कथेवर आधारलेला. दीड तासाच्या आत. एवढा गाजूनही मुलांच्या यादीत हा क्वचितच दिसतो. या जिल्ह्यांसाठी यादीतला पहिला चित्रपट हाच.

वाळवंटाच्या कडेची एकशिक्षकी शाळा. पिण्याच्या पाण्याचा एकच मोठा रांजण, त्याला तडा जातो. नवा मागवायचा तर वरिष्ठांकडं अर्ज, आणि उत्तराची वाट. तोवर पोरं ओढ्यावर पाणी प्यायला जातात. एका विद्यार्थ्याच्या बापाला दुरुस्ती येते. त्याला चुना, राख आणि अंडी हवीत. गुरुजी पोरांना अंडी आणायला सांगतात आणि गावात बोलणी सुरू होतात: अंडी खरंच रांजणाला लागतात का? लोकवर्गणी, संशय, कुजबुज, पुढं होऊन पैसे गोळा करणारी एक बाई. शालेय व्यवस्थापन समितीच्या कुठल्याही सभेला बसलेल्या माणसाला यातला शब्द न् शब्द कळेल. म्हणून या खेळाला पालकांना आवर्जून बोलवावं.

प्रस्तावना दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आत्ताची चौथी-पाचवी तेव्हा पाळण्यात. एवढं सांगून दिवे बंद.

संवाद बरेच आहेत. मोठ्यांच्या वादावादीच्या ओळी निम्म्यावर आणल्या तरी धागा तुटत नाही. कोण काय म्हणतं यापेक्षा कोण कुणावर संशय घेतं तेवढं कळलं की पुरे. मध्यंतर राख-चुना गोळा होऊ लागतो तिथं. दुसऱ्या भागापर्यंत तहान लागतेच, पाण्याची घागर दाराशी ठेवावी.

पुढच्या आठवड्याचं काम: तडा गेलेला माठ बुजवणं. चाळलेली लाकडाची राख दोन वाट्या, पानाला लावतात तो भिजवलेला चुना एक वाटी, अंड्याचा पांढरा भाग मळण्यापुरता, चार-पाच अंडी. कळीचा चुना मुलांच्या हाती अजिबात द्यायचा नाही. पाणी पडताच उकळतो, डोळ्यांत उडाला तर कायमची इजा. भिजवलेल्या चुन्यालाही काडीनंच हात लावायचा. माळकरी घरातून अंडी येणार नाहीत, तिथं मागूच नयेत. राख तिथून घ्यावी.

६ सप्टेंबर

माठाचा निकाल. तडा आधी करवतीच्या पात्यानं व्ही आकारात किंचित रुंद करावा लागतो, नाहीतर लेप वरच बसतो आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो. माठ कोरडा असेल तर तो लेपातलं पाणी शोषून घेतो आणि लेपाला भेगा पडतात, म्हणून कडा ओल्या करून लेप आतून-बाहेरून द्यावा. आठवडाभर सावलीत वाळवणं, उन्हात नाही. ज्या माठात हे सगळं पाळलं त्याची धार थांबली, तड्याच्या रेषेवर ओल राहिली. कडा ओल्या न केलेल्या माठाचा लेप पाणी भरताच निघाला. हे पाणी पिण्यासाठी वापरायचं नाही.

२० सप्टेंबर

'प्रिन्स अखमेदची साहसं', लोटे रायनिगर, १९२६, साधारण ६५ मिनिटं. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. काळ्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या, सांध्यांना तार, काचेवर ठेवून खालून उजेड आणि वरून एकेक चित्र. तीन वर्षांचं काम. मूकपट असल्यानं मजकुराच्या पाट्या येतात, तेवढ्याच वाचून दाखवायच्या. सलग पासष्ट मिनिटं तिसरीला जड जातात. पहिली वीस मिनिटं आणि जादूगार-चेटकिणीची झुंज दाखवावी. ती झुंज रूपं बदलत चालते आणि शंभर वर्षांनीही तिची धार गेलेली नाही.

नंतर बाहुल्या: जुन्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं, काळा कागद, सांध्याला दोन टोकांची पितळी पिन. पिन न मिळाल्यास बाइंडिंग वायरचा वळसा. बटर पेपरचा दोन फुटी पडदा, मागं एकच एलईडी विजेरी. दोन विजेऱ्या लावल्या की सावल्या दुहेरी आणि फिकट. ट्यूबलाइट चालत नाही. उजेड लांबट पसरतो आणि कडा पुसट होतात.

४ ऑक्टोबर

'पिवळ्या कुत्र्याची गुहा', ब्यांबासुरेन दावा, २००५, ९३ मिनिटं. मंगोलियातलं मेंढपाळ कुटुंब. थोरल्या नानसालला गुहेत कुत्रं सापडतं. बापाला ते नको आहे, लांडग्यांमध्ये राहिलं असेल तर मेंढरांवर लांडगे येतील. पडद्यावरचं कुटुंब खरंखुरं मेंढपाळ.

शेवटी घर मोडून गाड्यांवर लादतात: आधी लोकर, मग काठ्या, मग चौकट. ज्या घरांतली माणसं पुढच्या पंधरवड्यात मुकादमाबरोबर ऊसतोडीला निघणार आहेत त्यांच्या पोरांनी हा भाग डोळे न हलवता पाहिला. यावर वर्गात प्रश्न विचारू नयेत. पोरं आपणहून कोपीबद्दल (ऊसतोडीवरच्या झोपडीबद्दल), बैलगाडीत काय आधी चढतं याबद्दल बोलली तर ऐकावं.

बापाचे उच्चार मंद, वाक्यं छोटी. उपशीर्षकांना भरपूर वेळ मिळतो. पहिला फारसी चित्रपट जड गेला असेल अशा शाळेत हा आधी लावावा.

११ ऑक्टोबर

दिवाळीआधीचा शेवटचा खेळ, दोन गटांत.

तिसरी-चौथी: 'कुम्माट्टी', जी. अरविंदन, १९७९, मल्याळम. गावात दरवर्षी येणारा, गाणारा, दाढीवाला बागुलबुवा खेळता खेळता पोरांना जनावरं करून टाकतो. सगळी परत माणसं होतात, एक मात्र कुत्रा होऊन राहतो, पुढच्या वर्षापर्यंत. २०२१ साली दुरुस्त केलेली प्रत आली आहे, तीच मिळवावी. जुन्या प्रतीत गवत, आकाश आणि माती एकाच पिवळट रंगाची दिसतात आणि या चित्रपटात माळरान हेच मुख्य पात्र आहे. गाणी भाषांतरित करायची नाहीत.

सहावी-सातवी: 'विलो आणि वारा', दिग्दर्शक मोहम्मद अली तालेबी, पटकथा कियारोस्तामी यांची. फुटलेली खिडकीची काच बसवल्याशिवाय वर्गात घेणार नाही म्हणून गुरुजींनी बजावलेला मुलगा काच मिळवतो आणि वाऱ्यापावसात डोंगरातून घेऊन निघतो. दुष्काळी भागातून आलेला दुसरा मुलगा पाऊस बघत उभा राहतो, तेही यात आहे. काच हातात आल्यापासून कुणी श्वास मोकळा सोडत नाही. मध्यंतर त्याच्या आधीच उरकावं, नंतर चित्रपट थांबवणं म्हणजे पोरांच्या शिव्या खाणं. 'अरं, आडवी धर की!' अशा सूचना पडद्याला दिल्या जातात. वाऱ्याचा आवाज कमी करू नये, संवाद बुडाले तरी चालतील.

१३ ऑक्टोबर

नोव्हेंबरपासून पेटी ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाकडं. तिथं संध्याकाळचे खेळ, जेवणाआधी, चाळीस मिनिटांच्या वर नाही. म्हणून फक्त 'टू', 'पाव आणि गल्ली', 'लाल फुगा' आणि फ्रेडरिक बॅक यांचा १९८७चा अर्ध्या तासाचा 'झाडं लावणारा माणूस'. या शेवटच्याला सलग निवेदन आहे, ते मराठीत समोर बसून वाचता येतं, पण सहावीच्या खाली नको. मिशेल ओसेलो यांचा 'किरिकू' (१९९८) आटलेल्या झऱ्याची गोष्ट म्हणून फार जवळचा आहे. त्यात आफ्रिकी गावातली माणसं उघड्या अंगानं वावरतात, त्यामुळं आधी व्यवस्थापन समितीनं पाहायचा, मग ठरवायचं. फोरूझेश यांचा 'किल्ली' (१९८७) वसतिगृहात लावू नये. चार वर्षांचं पोर तान्ह्या भावासह घरात कोंडलेलं आणि आई बाहेर गेलेली, हे आईबाप कारखान्यावर असलेल्या पोरांना दाखवायची गरज नाही.

पेटीत घालायचं: प्रोजेक्टर, त्याची पॉवर केबल, पाच मीटरची एचडीएमआय, व्हीजीए आणि साडेतीन एमएमची वायर, सहा सॉकेटचा बोर्ड, दोन स्पीकर, मल्चिंग पेपरचे आठ तुकडे (खिडकीच्या मापाचे, कोपऱ्यात क्रमांक घातलेले), सुतळी, हातोडी, दोन विजेऱ्या, लाल जिलेटिन, वाचनाच्या संहिता. चित्रपट लॅपटॉपच्या डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडं. लॅपटॉपचं स्लीप आणि अपडेट बंद. प्रोजेक्टरची हवेची जाळी ब्रशनं साफ करून मगच पेटी बंद करावी. वसतिगृहाच्या अंगणात चुलीचा धूर असतो आणि जाळी तुंबली की यंत्र तापून विसाव्या मिनिटाला बंद पडतं.